कान बंद केल्यावर आपला आवाज

माझ्या सासऱ्यांनी बोलणं सोडलं त्याला तिसरा आठवडा लागला होता, आणि घरात कोणालाच त्याचं कारण माहीत नव्हतं.

सोडलं म्हणजे अगदी मौन धरलं असं नाही. 'हो', 'नको', 'वाढ', 'पुरे' एवढं म्हणायचे. पण या माणसाने घरातून हाक मारली की कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे आंबे उतरवणारा गडी झाडावरूनच 'ओ' द्यायचा. असा माणूस 'पुरे' एवढंच म्हणून पानावरून उठायला लागला, तर त्या घराला ते मौनच वाटणार.

आमचं घर रत्नागिरीत, भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की थोडं आत. चाळीसेक हापूसची कलमं, थोडे माड, मागे विहीर. मी मूळची सांगलीकडची, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरची. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या पडवीतून असा काही आवाज चढलेला ऐकला, की अर्धी वेणी हातात धरून मी धावत बाहेर आले. मला वाटलं, भावकीतलं भांडण दारात आलं. बघते तर सासरे आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. सासूबाई खाली बसून तांदूळ निवडत होत्या. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याची बातमी चालली होती.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरलीस ना गो? मीसुद्धा पहिल्यांदा घाबरले होते."

सासरे, म्हणजे बाबा, बोटीवर होते. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत तीस वर्षं काढलेली. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. नोकरी संपली, आवाज तेवढाच राहिला. पेपर वाचायची रीत कशी पडली, ते मला सासूबाईंनी पुढे कधीतरी सांगितलं. बाबा दहा-अकरा महिने समुद्रावर, दोन महिने घरी, असं आयुष्य गेलं. कायमचे घरी आले तेव्हा दोघांना कळेना, एकमेकांशी बोलायचं काय. "दोन महिन्यांचं बोलणं मला येत होतं," सासूबाई म्हणाल्या, "बारा महिन्यांचं येत नव्हतं. मग ह्यांनी एक दिवस पेपर वाचून दाखवायला घेतला. मला वाचता येत होतं की! पण मी बोलले नाही." नंतर सासूबाईंची नजर खरोखरच अधू झाली आणि वाचनाला कारण मिळालं. बाबा बातमी वाचायचे, मध्येच थांबून मंत्र्याला सुनवायचे, सासूबाई मंत्र्याची बाजू घ्यायच्या, मग दोघांची जुंपायची. आठ वाजता सुरू झालेला पेपर साडेनऊला आटपायचा.

इंजिनाने आवाज दिला तसे कान नेले. गेली काही वर्षं बाबांना ऐकू कमी यायला लागलं होतं. पक्ष्यांचं आणि बायकामुलांचं बोलणं आधी गेलं. पुण्याला शिकणारी माझी मुलगी फोनवर म्हणायची, "आजोबा, परीक्षा झाली," आणि हे सांगायचे, "हो हो, खाऊन घेतलं." तीच मागे लागली. शेवटी मार्चमध्ये, आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आधी, माझा नवरा त्यांना कोल्हापूरला घेऊन गेला आणि दोन्ही कानांना मशीन बसवून आणलं. तिथल्या माणसाने बजावलं होतं, दोन-तीन आठवड्यांनी परत या, काही त्रास वाटला तर तेव्हा बदल करून देतो. पण एप्रिल लागला, आंबे उतरायला सुरुवात झाली. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी आजारी पडायचंसुद्धा नाव काढत नाही, कोल्हापूर कसलं?

मशीन घालून आले त्या संध्याकाळी बाबा पडवीत बसून नुसते ऐकत होते. कपबशीचा आवाज आला की मान वळवायचे. स्वतःच्या चपलांकडे बघायचे. मला बरं वाटलं. त्यांनी सासूबाईंना एक हाक मारली आणि पुढे काहीतरी सांगायला म्हणून तोंड उघडलं, ते मिटूनच घेतलं. मी ते पाहिलं होतं. पण त्यात लक्ष देण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, दोन ओळी वाचल्या आणि घडी घातली. "घसा बसलाय," म्हणाले. सासूबाईंनी ज्येष्ठमध उगाळून दिलं. चार दिवसांनीही घसा बसलेलाच. आठवड्याने सगळ्यांनी विचारायचं बंद केलं. पेपर मी वाचून दाखवायला लागले. सासूबाई निमूट ऐकायच्या, पण एकदा म्हणाल्याच, "तू बरं वाचतेस. पण तू नुसती बातमी वाचतेस. हे बातमीशी भांडायचे."

त्यांच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. एका दुपारी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं काही चुकलं का गो? आता ह्यांना नीट ऐकू येतं. मी काय काय बोलत असते दिवसभर, ते सगळं ह्यांच्या कानावर पडत असेल. राग आला असेल का?"

मी म्हटलं, "आई, राग आला असता तर बाबा गप्प बसले असते का?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तेच मला कळत नाही."

नवऱ्याला विचारलं तर तो आंब्याच्या पेटीला चिकटपट्टी मारता मारता म्हणाला, "वय झालं. माणूस शांत होतो." मला मनातून वेगळीच भीती वाटत होती. माझ्या माहेरी एक काका असेच हळूहळू बोलेनासे झाले होते आणि पुढे माणसं ओळखेनासे झाले. मी बाबांवर नजर ठेवायला लागले. ते जेवण कमी करतात असं वाटलं. पापड घेत नव्हते. तळलेले गरे म्हणजे त्यांचा जीव की प्राण, फणस निघाला की डबा त्यांच्या खुर्चीशीच असायचा, तो डबा तसाच भरलेला राहायला लागला. विचारलं तर दाढेवर हात ठेवून दाखवायचे. दातांच्या डॉक्टरकडे नेऊ का म्हटलं तर हातानेच नको.

माझं स्वतःचं काम घरातूनच चालतं. पूर्वी शाळेत मराठी शिकवत होते. आता परदेशात गेलेल्या इकडच्या लोकांच्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. मस्कत, दुबई, एक कुटुंब कॅनडात. आजी-आजोबांशी बोलता यावं म्हणून त्यांचे आईबाप मुलांना बसवतात. शनिवारी दुपारी तीनला आखातातल्या मुलांचा वर्ग. आंब्याच्या दिवसांत मात्र माझी पंचाईत होते. पुढच्या खोलीत पेट्या भरायचं काम चालतं, आंबे निवडताना माणसांचं बोलणं, चिकटपट्टीचा चर्रचर्र आवाज, दारात टेम्पो. मुलं म्हणायची, "मॅडम, तुमच्याकडे लग्न आहे का?" मी मुलीला हे सांगितलं तर तिने कुरिअरने कानात घालायचे बड्स पाठवले. फोनवर बजावलं, "आई, नुसते अडकवू नकोस. रबर आत घट्ट बसलं पाहिजे, तरच बाहेरचं ऐकू येणार नाही."

त्या शनिवारी मी ते घट्ट बसवले. आणि खरंच, पुढची खोली गायब झाली. टेम्पो, चिकटपट्टी, सगळं कुठेतरी लांब, आंबराईच्या पलीकडे गेलं. मी खूश होऊन कॅमेरा चालू केला आणि म्हटलं, "नमस्कार मुलांनो!"

आणि दचकले. हा आवाज माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण तोंडातून बाहेर जायच्याऐवजी उलटा फिरून डोक्यात शिरला होता. जाड, घुमणारा, घशात रिकामा हंडा अडकल्यासारखा. मला वाटलं, फार ओरडतेय मी. आवाज खाली आणला. तरी घुमतोच. आणखी खाली आणला.

वर्गात एक नऊ वर्षांची मुलगी आहे, मस्कतला राहते. तिच्या आजीचं घर दाभोळला. ती मुलगी जे मनात येईल ते बोलते. ती स्क्रीनजवळ आली, कान पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही सीक्रेट सांगताय का?"

"नाही गं बाळा. ऐकू येत नाही का?"

"येतंय, पण सीक्रेटसारखं येतंय."

मी आवाज वाढवला. डोक्यात असा दणका बसला की दुसऱ्या वाक्याला आपोआप खाली आला. "मॅडम, परत सीक्रेट!" तिघं-चौघं हसायला लागली. मला कळेना. मी तर चांगलं मोठ्याने बोलत होते, माझ्या कानात माझा आवाज मावत नव्हता. शेवटी डाव्या कानातला काढला आणि तेच वाक्य म्हटलं. एका कानाने ऐकलं तेव्हा समजलं, मी अक्षरशः पुटपुटत होते.

वर्ग एक कान उघडा ठेवून कसाबसा पार पाडला. मुलं गेल्यावर मला गंमत वाटायला लागली. मी परत दोन्ही बसवले आणि एकटीच बोलून बघायला लागले. 'अ' म्हटलं तर बरं वाटायचं, 'ई' म्हटलं की कवटी झणझणायची. बडबडगीत म्हणून बघितलं. पाणी प्यायले, तर घोट उतरतानाचा आवाज विहिरीत दगड पडावा तसा. चार पावलं चालले, टाच टेकली की धप्प. बाबांच्या खुर्चीजवळून उचलून आणलेला गऱ्यांचा डबा कपाटावर होता, त्यातले दोन तोंडात टाकले. बाप रे! डोक्यात कोणीतरी वाळक्या पानांचा ढीग तुडवत चाललंय असं वाटलं. मी चावणं थांबवलं.

गरे तोंडात तसेच धरून उभी राहिले. तीन आठवडे डबा भरलेला होता. पापड नको. पेपर नको. 'पुरे' एवढंच.

बाबा मागे विहिरीजवळ सावलीत दगडावर बसले होते. मी जाऊन शेजारच्या पायरीवर बसले. सरळ विचारलं तर घशावर नाहीतर दाढेवर हात ठेवतील हे माहीत होतं. म्हणून मी कानातले बड्स दाखवले आणि म्हटलं, "बाबा, लेकीने हे पाठवलेत. हे घालून बोललं की माझा आवाज मला कसा येतो सांगू? हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं.

"हंडा नव्हे. टाकी."

"कसली टाकी?"

"बोटीवर तळाला टाक्या असतात पाण्याच्या. रिकाम्या केल्या की गंज खरवडायला आत उतरायचं. आत बोललं की आपलाच आवाज चारी भिंतींवरून आपल्या अंगावर येतो. नवीन आलेला असतो ना, तो एकदा बोलतो. मग नाही बोलत. आम्ही हातोडीने ठोकून खुणा करायचो." मग म्हणाले, "मशीन घातलं तेव्हापासून मी टाकीत आहे."

"मग सांगायचं नाही का बाबा? मशीन दुरुस्त करून घेतलं असतं."

"मशीनला काय झालंय? मशीन बरोबर आहे." त्यांनी विहिरीकडे बघितलं. "तो कोल्हापूरचा माणूस म्हणाला, आजोबा, आता सगळं खरं खरं ऐकू येईल. त्या दिवशी घरी येऊन हिला हाक मारली. केवढी ती हाक! माझा मीच दचकलो. म्हटलं, हा माझा आवाज? असा मी बोलतो? आणि ही बाई पन्नास वर्षं हे ऐकते आहे? तुम्ही सगळी ऐकताय आणि कोणी मला सांगितलं नाही?" त्यांनी मान हलवली. "मग ठरवलं, आता कमी बोलायचं. राहिलेत ते दिवस तरी हिच्या कानाला त्रास नको."

तीन आठवडे एक माणूस बायकोने सोसलं असेल म्हणून गप्प बसला होता, आणि बायको आपलं काय चुकलं म्हणून झुरत होती. आणि दोघं एकाच पडवीत.

मी म्हटलं, "बाबा, तो आवाज खरा नाही. मलाही तसाच ऐकू आला, आणि मी तर पुटपुटत होते. मुलं हसली मला. कानात बूच बसलं की आपला आवाज आतच कोंडतो. बाहेरच्यांना तसा नाही ऐकू येत."

त्यांनी कानातलं मशीन काढलं. पुढची रबरी टोपी बोटाने दाबून बघितली. मग दोन्ही कानांत बोटं घालून 'हॅलो हॅलो' म्हणाले, बोटं काढून परत म्हणाले. इंजिनाचाच माणूस तो, त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं उमगत गेलेलं दिसलं.

"एक्झॉस्ट बंद आहे," ते म्हणाले. या वेळी जरा मोठ्याने.

"तेच."

"गाढव आहे मी."

तेवढ्यात सासूबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला मागे आल्या. विहिरीजवळ बाबांचा आवाज ऐकून तिथेच थांबल्या. मी त्यांना बसवलं, काही न सांगता बड्स त्यांच्या दोन्ही कानांत नीट बसवले आणि खुणेने म्हटलं, बोला.

"काय बोलू? अगो बाई! हे कोण बोललं?"

आम्ही दोघं हसलो. त्या इकडे तिकडे बघायला लागल्या. "कोण आहे? बाप्या माणूस बोलतोय कोणीतरी!"

"तुम्हीच बोलताय आई."

"मी? अशी?" असं म्हणून त्यांनी तोंडावर हात ठेवला. बड्स काढून घेतल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, बाबा का गप्प होते तेही. बाबा बोटाने दगडावरचं शेवाळ खरवडत बसले.

ऐकून झाल्यावर सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं रडतील. पण त्या चिडल्या होत्या.

"तुमचा आवाज मोठा आहे हे मला मांडवात कळलं. अंतरपाटापलीकडून तुम्ही कोणाला तरी पाणी मागितलंत तेव्हा. नको असता तर तेव्हाच नसतं का सांगितलं? दहा-दहा महिने या घरात चिटपाखरू बोलायचं नाही. तुम्ही आलात म्हणजे शेजारणींना कळायचं, हिचा नवरा आला. मी मुद्दाम मागच्या दाराशी काम काढून बसायची, तुम्ही हाक माराल म्हणून. त्रास म्हणे! तीन आठवडे मी देवाला विचारतेय, काय केलं मी? आणि हे टाकीत बसलेत!"

बाबा म्हणाले, "तू विचारायचंस."

"तुम्ही सांगायचं होतंत!"

असं ते जे सुरू झालं ते कपडे काढून, घड्या घालून होईपर्यंत चाललं. मी चहा ठेवायला निघून आले. नवरा पेट्या सोडून दारात आला आणि विचारायला लागला, "बाबा भांडतायत का?" मी म्हटलं, "हो." तो परत पेट्यांकडे गेला. पण मी बघितलं, तो स्वतःशी हसत होता.

कोल्हापूरला जायला मला आणि नवऱ्याला दोघांनाही वेळ मिळणार नव्हता, म्हणून मी तिथे फोन केला. त्यांनी सांगितलं की हे रत्नागिरीतही होईल आणि शहरातल्या एका तज्ज्ञ मुलीचा पत्ता दिला. मुलगीच म्हणते, कारण माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने मशीन हातात घेतलं, टोपी बघितली आणि आम्ही काही सांगायच्या आत विचारलं, "आजोबा, तुमचा आवाज तुम्हाला घुमतो का?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच तिला आधी पढवून ठेवलंय.

"'ई' म्हणून बघा," ती म्हणाली.

"ई," बाबा हळूच म्हणाले आणि कपाळाला आठी घातली.

तिने समजावून सांगितलं. बाबांना जाड आवाज अजून चांगले ऐकू येतात, गेलेत ते बारीक आवाज. म्हणजे पाखरं, लहान मुलं, 'स' आणि 'श'. तेवढे मशीनने द्यायचे, बाकी कान उघडा राहिला तरी चालतो. पुष्कळांना ही अडचण येते, म्हणूनच परत बोलावतात. तिने बंद टोपी काढून तिच्या जागी भोकं असलेली टोपी चढवली, संगणकावर काहीतरी कमी-जास्त केलं आणि म्हणाली, "आता म्हणा."

"ई."

"आता?"

बाबा थांबले. परत म्हणाले, "ई." मग जरा मोठ्याने, "ई!" मग असे काही मोठ्याने म्हणाले की बाहेर बसलेल्या बाईंच्या मांडीवरचं पोर जागं झालं. ती मुलगी हसत हसत म्हणाली, "आजोबा, बस, बस. कळलं मला."

रिक्षातून येताना भाट्याच्या पुलावर वारा कानात भरत होता तरी त्यांनी मशीन काढलं नाही. सगळा वेळ बोलत होते, रिक्षावाल्याशी. त्याच्या रिक्षाच्या इंजिनातून कसला आवाज येतोय, तो त्याला ऐकू येत नाही का, असं विचारत होते.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बाबांनी पेपर उघडला. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या, हातात निवडायला काही नसतानाही. बाबांनी वाचायला सुरुवात केली, आणि ते वाचन अगदी रेडिओवरच्या माणसासारखं, सौम्य, शुद्ध. आता त्यांना स्वतःचं ऐकू येत होतं ना. दोन बातम्या झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काय पुटपुटताय?"

"बरोबर वाचतोय. तुला ऐकू येत नाही का?"

"येतंय. पण हे काय वाचन झालं? नीट मोठ्याने वाचा."

"मोठ्याने म्हणजे किती?"

"होतं तेवढं."

बाबांना ते जमेना. चढवायला जायचे आणि स्वतःचं ऐकून ओशाळायचे. असे पाच-सहा दिवस गेले. शेवटी सासूबाईंनीच हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ती मशीनं द्या इकडे. पेपर झाला की देते." तेव्हापासून सकाळी आठ ते साडेनऊ मशीनं त्यांच्या पदराच्या गाठीत असतात आणि बाबा जगाशी जुन्या आवाजात भांडतात. बाकी दिवसभर कानात. अगदी सगळं सुरळीत झालं असं नाही. कानाजवळ हात नेला की मशीन शिट्टी मारतं. रात्री चार्जिंगला लावायचं विसरतात. कधी सासूबाईंचं बोलणं नको असलं की हळूच काढून खिशात टाकतात, आणि त्यांना ते लगेच कळतं. पण फोनवर नातीशी पाऊण तास बोलतात, आणि तिने परीक्षा म्हटलं की परीक्षेचंच उत्तर देतात.

आंबे संपत आले तेव्हाची एक संध्याकाळ. मी पडवीत रिकाम्या पेट्या रचत होते. बाबा बराच वेळ बघत बसले होते. मध्येच म्हणाले, "तुला एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"हिचं सोड. हिला सवय झाली. तू घाटावरून आलीस, वीस वर्षांची पोर. तुला मी कधी ओरडलो होतो का गो? म्हणजे आवाज मोठा म्हणून नव्हे. खरोखर."

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. पण त्यांनी असं विचारलं होतं की खोटं बोलवेना. म्हटलं, "एकदा."

"कधी?"

"लग्नाला दुसरं वर्ष होतं. आंब्याची साठं वाळत घातली होती अंगणात, ताटं भरून. तुम्ही मला राखायला सांगितलं होतं. मी आत पुस्तक वाचत बसले आणि शेजारची गाय सगळा आंबरस चाटून गेली. तुम्ही मला गड्यांसमोर बोललात. 'माहेरी काही शिकवलं नाही का' म्हणालात. मी मागे जाऊन रडले होते. आठ दिवस सांगलीला जाऊन राहिले, आईला बरं नाही असं सांगून."

बाबांना काही आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते आठवायचा प्रयत्न करत होते. "गायीला ओरडलो असेन," असं अर्धवट म्हणाले, पण स्वतःलाच पटलं नसावं.

"नाही बाबा. मलाच."

आत सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या, घंटेचा बारीक आवाज आला आणि बाबांनी तिकडे मान वळवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माहेरचं काढायला नको होतं. चुकलं हो माझं."

एवढ्या वर्षांत या घरात मोठ्या माणसाने लहानाला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी हातातली पेटी खाली ठेवली आणि म्हटलं, "बाबा, चहा ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले. "आणि आलं किसून घाल, ठेचून नको. ठेचलं की कडू होतं. आमच्या बोटीवर स्वयंपाकाला एक केरळचा भंडारी होता, तो..." आणि भंडाऱ्याची गोष्ट सांगत ते माझ्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत आले.